पुरुषांना हृदय, बायकांना पित्त

६ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला म्हणून आधीच कान धरतो. तू पकडण्यापेक्षा मीच धरलेला बरा. एक बातमी आहे. बसून वाच, आणि हातात कात्री असेल तर खाली ठेव. मार्चच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे मॅरेथॉन आहे आणि तुझा हा धाकटा भाऊ त्यात पळणार आहे. अर्धी नाही, अख्खी. हृदयरुग्णांच्या उपचारांसाठी पैसे उभे करणारी एक संस्था आहे, तिच्यासाठी. आमच्या कंपनीतली मंडळी पोट धरधरून हसली. लोकांना जिने चढावे लागू नयेत म्हणून ज्याने जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या, तोच आता बेचाळीस किलोमीटर पायांनी जाणार, याची त्यांना फार गंमत वाटते.

का पळतोस, असं विचारशील. ऑगस्टमध्ये मला चौपन्नावं लागलं. अप्पा चौपन्नाव्या वर्षी कचेरीच्या खुर्चीतच गेले. दादाही चौपन्नाव्या वर्षीच गेला, गाडीत पेट्रोल भरून घेता घेता. तेव्हापासून हा आकडा माझ्या मानगुटीवर बसला आहे, आणि हे मी तुझ्याखेरीज कुणाला सांगितलेलं नाही. मी शाफ्टच्या तळाशी उभा राहून काम करतो, डोक्यावर अख्खी लिफ्ट टांगलेली असते. त्याची कधी भीती वाटली नाही. पण वाढदिवसाला केक कापताना हाताला कापरं भरलं. लेकीने विचारलं, बाबा थंडी वाजते का. मी हो म्हणालो.

मग ठरवलं, की वर्षभर दाराकडे डोळे लावून बसण्यापेक्षा आपणच उठून सामोरं जावं. डॉक्टरांना विचारूनच करणार आहे, त्यामुळे लगेच बस धरून इकडे येऊ नकोस. एक काम मात्र तुझंच. मला पळायचा टी-शर्ट तू शिवून दे. छातीवर दोन नावं हवीत, अप्पा आणि दादा. बाजारातली छापील अक्षरं घामाने निघतात, तुझा टाका निघत नाही.

तुझ्या रागातही माया असते, तेव्हा भरपूर रागाव.

तुझा,
टिल्लू


१५ नोव्हेंबर

चि. टिल्लूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू कात्री खाली ठेवायला सांगितलंस ते फार बरं केलंस, नाहीतर गिऱ्हाइकाच्या पॅन्टचा एक पाय आखूड झाला असता. अरे मेल्या, या वयात शिंगं मोडून वासरात शिरायची ही काय अवदसा आठवली तुला? लहानपणी शाळा चुकवायला पळालास तेवढंच तुझं पळणं. तेव्हाही कोपऱ्यावरच्या नळाशी धापा टाकत बसायचास आणि मीच तुला शोधून आणायची.

पण तू आकड्याचं लिहिलंस ते वाचून मी मशीन बंद केलं. तुला वाटतं ते ओझं तुझ्या एकट्याच्या मानेवर आहे. तुला चौपन्नावं लागलं त्या दिवसापासून मी फोन वाजला की आधी भिंत धरते, मग उचलते. अप्पांच्या वेळी फोन मीच घेतला होता आणि दादाच्या वेळीही मीच. तिसऱ्यांदा तसा फोन घ्यायची ताकद माझ्यात नाही, हे नीट ध्यानात ठेव. म्हणून सांगते, सगळ्या तपासण्या करून घे. मी तुझ्या बायकोला वेगळं पत्र टाकते आहे. तिने तुझ्यावर डोळा ठेवायचा आणि मला खरं काय ते कळवायचं. तू 'सगळं छान' म्हणून वेळ मारून नेतोस, मी तुला ओळखून आहे.

माझं काय विचारतोस, मी ठणठणीत. माझा आकडा मी केव्हाच ओलांडला आणि तसंही अप्पा म्हणायचेच, आपल्या घरात पुरुषांना हृदय आणि बायकांना पित्त. आईचं सगळं पित्त माझ्याच वाट्याला आलंय. यंदा जरा जास्तच उसळतं. त्यात इमारतीची लिफ्ट बंद पडलीय. भाऊ गावभरच्या लिफ्ट दुरुस्त करत हिंडतो आणि सख्खी बहीण तीन मजले पायांनी चढते, म्हणजे दिव्याखाली अंधार. तू येऊन हात लावतो म्हणशील, पण मालकाने दुसऱ्या कंपनीशी करार केलाय आणि तिने कुलूप ठोकलंय. खालच्या दुकानातून घरी जाताना दुसऱ्या मजल्यावर जरा टेकते. तिथे पियानो शिकवणाऱ्या बाई राहतात, त्यांनी माझ्यासाठी जिन्यात खुर्चीच मांडून ठेवलीय. आत मुलं चुकीचे सूर वाजवत असतात, मी बाहेर बसून ऐकते.

टी-शर्ट शिवीन. पण छातीचं माप वहिनीकडून घेऊन पाठव, तुझ्या हातचं नको. तू श्वास आत ओढून माप देशील.

जिवाला जप. माझी माया तुला पुरून उरेल एवढी आहे.

तुझी,
ताई


११ डिसेंबर

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

तुम्ही मला हेर नेमलंत, तर हा पहिला अहवाल. छातीचं माप सोबत वेगळ्या चिठ्ठीवर लिहिलं आहे. ते मी यांच्या नकळत, हे आरशासमोर उभे असताना घेतलं, त्यामुळे खरं आहे.

तपासणी झाली. मी स्वतः बरोबर गेले होते. कार्डिओग्राम काढला, रक्त तपासलं, छातीला तारा लावून सरकत्या पट्ट्यावर पळवलं. डॉक्टर म्हणाले की या वयाच्या माणसाचं इतकं चांगलं हृदय रोज पाहायला मिळत नाही. हे दवाखान्यातून बाहेर पडले ते सोसायटीच्या निवडणुकीत निवडून आल्यासारखे. त्या दिवसापासून घरात साखर बंद, आणि मी चहात घेते तेव्हा माझ्याकडे असे बघतात, जणू मी त्यांच्या वाटणीची चोरते आहे.

तरी वन्सं, मला धाकधूक आहे. परवा पळून आले आणि दाराशीच बसले. चेहरा पांढराफटक. मी पाणी आणलं तर अर्धं अंगावरच सांडलं. मग कळलं, की काही न खाताच पळायला गेले होते. लेकीने त्यांना चांगलं फैलावर घेतलं. ती पोहायला शिकवते ना, तिला या गोष्टी कळतात. ती बोलायला लागली की मला तुम्हीच समोर उभ्या आहात असं वाटतं. चेहरा, ठसका, कमरेवर हात ठेवायची तऱ्हा, सगळं आत्याचं. आता गेली तिच्या कामाच्या गावी, पण जाताना बापाला काय खायचं ते पढवून गेली.

मी चष्म्याच्या दुकानात बसते, तिथे रोज एक गंमत बघते. माणसाला समोरच्या तक्त्यावरची अक्षरं दिसत नसतात, पण तीच ती वाचून पाठ झालेली असतात, मग धडाधड म्हणून दाखवतो. मला वाटतं मीही यांच्या चेहऱ्यावर तसंच करते. आधीच ठरवून बसले आहे की काहीतरी वाईट दिसणार, म्हणून तेच दिसतं. तुम्हीही फार काळजी करू नका. लिफ्ट चालू झाली का?

तुमचा आशीर्वाद पाठीशी राहू द्या.

तुमची,
वहिनी


८ जानेवारी

चि. टिल्लूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या हृदयाची वार्ता वहिनीने कळवली. जिवात जीव आला, पण पुरता नाही. दादालाही डॉक्टरांनी पाठ थोपटून घरी पाठवलं होतं, हे मी विसरलेले नाही. पळताना जरा जरी काही वाटलं, तर थांबायचं. लोक हसले तर हसू देत.

टी-शर्ट झाला, आजच पाठवते आहे. निळा घेतलाय, गर्दीत मला लांबून ओळखू यावा म्हणून. वेळ लागला याचं मला स्वतःलाच नवल वाटतं. एरवी असली दोन नावं मी एका बैठकीत भरली असती. हल्ली डावा हात भरून येतो. दिवसभर कापड ओढून ओढून खांद्याची वाट लागली, आणखी काय. इस्त्री हातात घेतली की ती दुप्पट जड झालीय असं वाटतं. संध्याकाळी चपला घट्ट होतात. दुपारी गिऱ्हाईक आलं तर आधी मनात येतं, हे उद्या का नाही आलं. मी कामाला कंटाळले असं आजवर झालं नव्हतं. वय झालं, दुसरं काही नाही.

आणि एक हसण्यासारखी गोष्ट. जबडा दुखायला लागला म्हणून दाताच्या डॉक्टरकडे गेले. ते म्हणाले, दाढ तशी बरी दिसते. मी म्हटलं, बरी असती तर मी आले असते का? काढा. काढली. तरी दुखणं जागच्या जागी. बरं, दुखतं कधी, तर जिना चढताना. त्या खुर्चीवर टेकलं की थांबतं. दाताचा आणि जिन्याचा काय संबंध ते देव जाणे. पियानोवाल्या बाई म्हणाल्या, तुमची दाढसुद्धा लिफ्टवाल्यांवर रागावलीय. आम्ही दोघी हसत बसलो. मला मात्र त्या हसण्यानेही धाप लागली.

मी मॅरेथॉनला येणार आहे. सकाळची पहिली बस धरली तर तू पोचायच्या आत मी शेवटच्या रेषेपाशी उभी राहीन. तुला तिथे दोन पायांवर उभा बघेन, तेव्हाच माझ्या डोक्यावरचं हे वर्ष उतरेल. माझ्यासाठी एवढं कर, हळू ये, पण ये.

तुझ्यावरचा जीव आहे तसाच आहे, त्याला दृष्ट लागू देऊ नकोस.

तुझी,
ताई


२० जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

टी-शर्ट मिळाला. घालून आरशासमोर उभा राहिलो आणि बराच वेळ काढवला नाही. 'अप्पा' बरोबर मधोमध आलेत आणि 'दादा' हृदयाच्या बाजूला. कंपनीत दाखवला तेव्हा कुणी हसलं नाही. आमचा मुकादम, जो चहाही दुसऱ्याच्या खिशातून पितो, त्यानेसुद्धा संस्थेच्या डब्यात पैसे टाकले.

तुझी दाढ गेली हे वाचून वाईट वाटलं, पण बोलणं त्यामुळे काही कमी झालेलं दिसत नाही. हात दुखतो तर मशीनला मोटर बसवून घे, कितीदा सांगितलं. पण पालथ्या घड्यावर पाणी. पित्तासाठी वेळेवर जेवत जा. आईसुद्धा सगळ्यांची जेवणं आटोपेपर्यंत उपाशी राहायची आणि मग पित्त पित्त करत पडायची. तू तोच कित्ता गिरवते आहेस.

माझं विचारशील तर मी आता तीस किलोमीटरपर्यंत पोचलो. शेवटी शेवटी पाय आपले राहत नाहीत, पण छाती अगदी शांत असते. काल नदीकाठच्या रस्त्याने एकटाच पळत होतो, धुकं होतं, समोरचं दिसत नव्हतं. आणि अचानक ध्यानात आलं, की बऱ्याच वेळात मला त्या आकड्याची आठवणच झालेली नाही. ताई, मी तिथे रस्त्यात उभा राहून रडलो. समजायला लागल्यापासून माझ्या मागे जे लागलंय, ते पहिल्यांदा मागे पडलंय असं वाटलं.

तू शेवटच्या रेषेपाशी हवीसच. तू नसलीस तर मी पळालो याला साक्षीदार कोण?

तुझी माया हेच माझं खरं औषध, त्यात खंड नको.

तुझा,
टिल्लू


९ फेब्रुवारी

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

हे पत्र यांना न सांगता लिहिते आहे. काल संस्थेने पळणाऱ्यांची आणि घरच्यांची सभा बोलावली होती. ऐन वेळी यांना कुणीतरी लिफ्टमध्ये अडकल्याचा निरोप आला, म्हणून मी एकटीच गेले. एका निवृत्त परिचारिकाबाईंचं बोलणं होतं. त्या म्हणाल्या की हृदयाचं दुखणं म्हटलं की आपण छाती धरून कोसळणारा पुरुष डोळ्यांपुढे आणतो. बायकांना पुष्कळदा तसं होतच नाही. त्यांचा जबडा दुखतो, हात नाहीतर पाठ भरून येते, कारण नसताना थकवा येतो, जिना चढताना होतं आणि बसलं की थांबतं. छातीत जळजळतं आणि त्या पित्त म्हणून सोडून देतात.

वन्सं, तुमचं जानेवारीतलं पत्र यांनी मला वाचून दाखवलं होतं आणि आम्ही दोघं दाढेवर हसलो होतो. त्या बाई जणू तेच पत्र समोर धरून बोलत होत्या.

आणखी एक विचारू का? रागावू नका. मी या घरात आले तेव्हा सासूबाई जाऊन वर्ष झालं होतं. त्या कशाने गेल्या असं मी विचारलं, तर सगळ्यांनी सांगितलं, पित्ताने. जेवणं झाली, भांडी आवरली, पित्त उसळलंय म्हणून आडव्या झाल्या, त्या उठल्याच नाहीत. मी नवी सून, मान डोलावली. पण पित्ताने माणूस असा जातो का हो? तुमच्या घरात हे वाक्य इतक्यांदा म्हटलं गेलंय, की कुणी अक्षरं वाचतच नाही. मी बाहेरून आलेली, तरी मलाही इतकी वर्षं दिसलं नाही.

पाया पडून सांगते, हे पत्र मिळताच डॉक्टरांकडे जा आणि मी लिहिलंय ते सगळं जसंच्या तसं त्यांना सांगा. मॅरेथॉनची वाट बघू नका. तुम्ही म्हणत असाल तर मी येते न्यायला.

फोन केला, तर तुम्ही 'काही नाही गं' म्हणून ठेवून दिलात. म्हणून हे कागदावर.

तुमच्या पंखाखालची,
वहिनी


१९ फेब्रुवारी

चि. सौ. वहिनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. तू माझी पाठची बहीण असतीस तरी एवढं कळवळून लिहिलं नसतंस. रागावते कशाला? उलट आमच्या टिल्लूने आयुष्यात एकच शहाणपणाचं काम केलं, ते तुझ्याशी लग्न, असं पुन्हा एकदा वाटलं.

तुझ्या शब्दाखातर डॉक्टरकडे जाऊन आले. कोपऱ्यावर नवा दवाखाना निघालाय, डॉक्टर तरुण आहे, गोड बोलतो. बाहेर ही गर्दी. त्याने विचारलं, काय होतंय आजी? मी म्हटलं, काही नाही हो, आमचं घराण्यातलं पित्त. आईला होतं, मला आहे. त्याने पोट दाबून पाहिलं, जीभ पाहिली आणि गोळ्या लिहून दिल्या. म्हणाला, पित्तच आहे, तिखट कमी करा. झालं तुझं समाधान? दाढेचं आणि हाताचं सांगायला निघाले होते, पण मागे एक बाई रडकं मूल घेऊन उभी होती, म्हटलं हिचा वेळ कशाला खा. गोळ्यांनी बरं वाटतंय. म्हणजे अगदी नाही, पण जरा.

आईबद्दल लिहिलंस, त्याचा मी दोन दिवस विचार करत होते. खरं सांगू, मला त्यावर काही लिहवत नाही. तू म्हणतेस तसं असेल, तर तिच्या उशाशी बसून मी तिला फक्त पाणी पाजत होते, असं होईल. ते आता नको. मॅरेथॉन होऊ दे. दुसऱ्या दिवशी तू म्हणशील त्या मोठ्या डॉक्टरकडे येते, शब्द देते.

पण टिल्लूला यातलं चकार अक्षर सांगायचं नाही. त्याला कळलं की तो धावणं टाकून माझ्या दारात येऊन बसेल. त्याच्या मानेवरचं भूत पहिल्यांदा उतरलंय, त्याने स्वतःच्या हाताने लिहिलंय. लहानपणी अप्पांचं हृदय अधू आहे हे कळल्यापासून, ते दुपारी डोळा लागून पडले तरी हा नाकाशी बोट धरून बघायचा, श्वास चाललाय का. तो पोरगा आता कुठे सुटतोय. चार दिवसांसाठी ते मोडू नकोस. तुला माझी शपथ आहे.

बसचं तिकीट काढलंय. नवीन साडी काढून ठेवलीय, फोटोत यायचं आहे ना.

आहे हा लोभ वाढता राहो, आणि तुझा धाक असाच राहो.

तुझी,
वन्सं


१७ मार्च

प्रिय सरकार,

फोनवर तुझ्याशी बोलायला लागलो की दोघंही रडतो आणि काहीच बोलून होत नाही. म्हणून लिहितोय. ताईच्या दुकानातच बसलोय. ज्यांचे कपडे शिवायला टाकलेले होते ते एकेक येऊन घेऊन जातात आणि दारात उभे राहून रडतात. मला यायला अजून आठवडा लागेल.

पियानोवाल्या बाईंनी आज सगळं सांगितलं. त्या दिवशी सकाळी ताई तयार होऊन खाली उतरली होती, रस्त्यापर्यंत गेली होती. मग आठवलं, की पित्ताच्या गोळ्या वर राहिल्या. म्हणून परत चढली. त्यासाठी ती परत तीन मजले चढायला निघाली गं. दुसऱ्या मजल्यावर बाईंनी दार उघडलं, तर ही खुर्चीवर बसलेली, कपाळ घामाने डबडबलेलं. बाईंनी विचारलं तर म्हणाली, जरा पित्त आहे, दोन मिनिटं बसते, बस गाठायचीय. बाई पाणी आणायला आत गेल्या. तेवढ्यात संपलं.

त्या वेळी मी पळत होतो. मला काही कळलं नाही, आत काही हललंसुद्धा नाही. लोक म्हणतात रक्ताच्या माणसाला कळतं. खोटं आहे. मी रेषा ओलांडली तेव्हा आनंदाने ओरडलो. ती दिसली नाही म्हणून तुझ्यापाशी चिडलो, की हिने एक दिवससुद्धा वेळ पाळली नाही. तुझा चेहरा उतरला तो मला दिसला, पण अर्थ कळला नाही.

रुग्णालयातल्या डॉक्टरबाईंनी मला विचारलं, घरात कुणाला हृदयविकार होता का. मी अप्पांचं आणि दादाचं सांगितलं. मग त्यांनी विचारलं, आई कशाने गेल्या? आणि माझ्या तोंडून शब्द आला, पित्ताने. त्यांचं पेन थांबलं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. सरकार, त्या क्षणी माझी आई दुसऱ्यांदा गेली आणि ताई पहिल्यांदा. आम्ही शहाणी माणसं, एकमेकांची छाती मोजत बसलो. मी चौपन्नाला घाबरत राहिलो. आणि ती दर पत्रात सांगत होती, हात, दाढ, जिना, धाप, आणि मी तिची थट्टा करत होतो.

तू स्वतःला बोल लावते आहेस ते बंद कर. शपथ घातली म्हणून गप्प राहिलीस. एवढ्या वर्षांत आमच्या घरातलं खरं फक्त तुला दिसलं, आणि तू ते लिहिलंस. तिनेच ते पित्तात बुडवलं. मला तुझा राग नाही. कधी कधी तिचा येतो, आणि मग स्वतःचा इतका येतो की ताईच्या मशीनकडे बघवत नाही.

आता जो येईल त्याला मी सांगतो, हृदयविकाराने गेली. माझी आईसुद्धा त्यानेच गेली. लोक बिचकतात, पण सांगतो. संस्थेलाही लिहिलंय, की पैसे चार जणांच्या नावाने घ्या.

लेकीला मात्र यातलं काही अजून बोललो नाही. आत्यावर तिचा किती जीव, ते तुला माहीत आहे. अंत्यविधीला आली तेव्हा उभं राहवत नव्हतं तिला. लगेच हे आत्याचं, आजीचं सगळं उकरून तिला घाबरवायचं नको. जरा सावरू दे, मे महिन्यात सुट्टीला येईल तेव्हा दोघं बसून नीट सांगू.

दाराला कडी लावत जा. मला तू हवी आहेस, बाकी काय लिहू.

तुझाच


४ एप्रिल

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. तुम्ही परत कामावर जाऊ लागलात हे वाचून बरं वाटलं. आई लिहिते, की तुम्ही जेवताना बोलत नाही. बोलत जा बाबा, नाहीतर ती दिवसभर दुकानात चष्म्यांशी बोलते तशी घरी भांड्यांशी बोलायला लागेल.

मी बरी आहे. पहिले काही दिवस तलावावर मुलांना शिकवताना एकदम रडू यायचं. पण पाण्यात एक सोय असते, कुणाला कळत नाही. आता सावरले आहे. तुम्हाला एक सांगायचं होतं, हसू नका. मी ठरवलंय, पुढच्या वर्षीच्या मॅरेथॉनला आत्यासाठी मी पळणार. तुमच्यासारखीच, अख्खी. शर्टावर तिचं नाव मीच भरणार आहे. टाके वेडेवाकडे येतील आणि ती वरून शिव्या देईल, पण मीच भरणार. रोज सकाळी टेकडीच्या रस्त्याने पळायला सुरुवातही केली आहे. पहिल्याच आठवड्यात जीभ बाहेर आली, तेव्हा कळलं की तुम्ही काय केलंत.

येताना आईला लिंबाचं लोणचं आणू का विचारा, इथे एक मावशी छान करतात. मलाच सध्या चालत नाही. थोडे दिवस झाले, चढावर पळताना छातीत जळजळतं आणि जबड्यापर्यंत येतं, थांबलं की लगेच जातं. काळजी करण्यासारखं काही नाही, पित्त आहे. सगळे म्हणतात ना मी आत्यावर गेले आहे, तर पित्तसुद्धा तिचंच घेतलं म्हणायचं. मे महिन्यात येतेच आहे.

दोघांनी तब्येतीला जपा, आणि माझ्यावर अशीच माया करत राहा.

तुमची,
चिऊ